धर्मगुरूला किल्ला कशाला? कुरेसारेचा इतिहास सोप्या भाषेत

एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, बाल्टिक समुद्रात, सारेमा नावाचं मोठं बेट आहे. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कुरेसारे हे गाव आणि गावाला लागून, पाण्याच्या अगदी कडेला, फिकट करड्या दगडाचा एक चौकोनी किल्ला. एस्टोनियातल्या मध्ययुगीन किल्ल्यांत इतका धड राहिलेला दुसरा नाही. जुन्या जर्मन नकाशांत तो ‘आरेन्सबुर्ग’ या नावाने सापडतो.

किल्ला म्हटलं की आपण आधी विचारतो, बांधला कुठल्या राजाने? या किल्ल्याचा मालक राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो बिशपचा किल्ला. वसईत किंवा गोव्यात वाढलेल्या वाचकांना बिशप नवा नाही. चर्चचा कारभार बघणारा, सणासुदीला मोठी प्रार्थना चालवणारा ज्येष्ठ धर्मगुरू. तो शेतसारा वसूल करत नाही, कुणाला फाशी देत नाही, पदरी घोडेस्वार बाळगत नाही. कुरेसारेचा बिशप हे सगळं करायचा. ते कसं, हे कळलं की किल्ल्याची निम्मी गोष्ट कळली.

मध्ययुगात जर्मन भाषकांच्या मुलखावर ‘पवित्र रोमन साम्राज्य’ नावाचा एक अवाढव्य, ढिलाढाला पसारा होता. सम्राट वर, खाली शेकडो छोटेमोठे सत्ताधीश. त्यातले बरेच चक्क बिशप होते. सम्राटाला हे सोयीचं वाटे. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या पोरांकडे, नातवांकडे जाते आणि दोन पिढ्यांत घराणं डोईजड होतं. कॅथलिक बिशपला लग्नच करता येत नाही, त्यामुळे कायदेशीर वारस नाही. तो गेला की नव्याने निवड. म्हणून बिशपला धर्माच्या अधिकाराबरोबर जमीन, प्रजा, कर, न्याय आणि फौज असं सगळं देऊन टाकायचं. एका हातात क्रॉस, दुसऱ्या हातात जमाखर्चाची वही. १२२८ मध्ये जर्मन राजा हेन्रीने सारेमा बेट आणि समोरचा मुख्य भूमीवरचा पट्टा मिळून असंच एक बिशपचं राज्य मान्य केलं. त्याचं नाव ओझेल-वीक.

प्रजेला अर्थातच कुणी विचारलं नव्हतं.

बर्फावरून आलेली फौज

सारेमाचे लोक त्या काळी अख्ख्या बाल्टिकमध्ये दर्यावर्दी आणि लुटारू म्हणून प्रसिद्ध होते. स्वीडन-डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर छापे घालायचे, माणसं पकडून न्यायचे. धर्म त्यांचा स्वतःचा, देव थारापिता. भोवतालच्या मुलखात जर्मन धर्मयोद्ध्यांनी एकेक टोळी जिंकून बाप्तिस्मा दिला, तरी हे बेट शेवटपर्यंत हाताला लागत नव्हतं. कारण उघड होतं, मध्ये समुद्र.

पण बाल्टिकचा समुद्र आपल्या अरबी समुद्रासारखा नाही. तो उथळ, कमी खारट, आणि कडक थंडीत किनाऱ्यालगत गोठतो. जानेवारी १२२७ मध्ये रीगाचा (आजच्या लॅटव्हियाच्या राजधानीचा) बिशप आल्बर्ट आणि ‘तलवारबंधू’ म्हणवणारे लढवय्ये संन्यासी फौज घेऊन थेट गोठलेल्या समुद्रावरून चालत आले. त्या काळातला इतिहासकार हेन्री, जो स्वतः पाद्री होता, या फौजेचा आकडा वीस हजारांच्या घरात सांगतो. मध्ययुगीन आकडे जरा हात राखूनच घ्यावेत, पण त्याने केलेलं वर्णन मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखं आहे. पाऊस पडून पुन्हा गोठल्यामुळे बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला होता. माणसं, घोडे, घसरगाड्या, शस्त्रं एकमेकांवर आपटून मेघगर्जनेसारखा आवाज होत होता, आणि लोक पडत-उठत पुढे सरकत होते. आधी शेजारच्या मुहू बेटावरची गढी पडली. तिथे कत्तल झाली. ते ऐकून सारेमावरच्या वाल्याला गढीने शरणागती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतला.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत याच प्रकाराची आवर्तनं झाली. १२६० च्या उन्हाळ्यात दुर्बेच्या लढाईत जर्मन फौजेचा धुव्वा उडाला आणि बेटवाल्यांनी नवा धर्म झुगारला. पुढच्या हिवाळ्यात बर्फावरून फौज आली, कार्माची गढी जाळली. १३४३ च्या जुलैत पुन्हा उठाव. १३४४ च्या हिवाळ्यात पुन्हा बर्फावरून फौज. उन्हाळ्यात बंड, हिवाळ्यात बदला. पाणी पातळ असेपर्यंत बेट स्वतंत्र, आणि एकदा समुद्र गोठला की तोच शत्रूचा हमरस्ता.

माझ्या मते कुरेसारेचा किल्ला समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. बेटावर राहणाऱ्या मूठभर परदेशी लोकांना अशी एक जागा हवी होती, जिथे समुद्र गोठेपर्यंत, म्हणजे काही महिने, दार लावून तग धरता येईल. बाहेरच्या शत्रूपेक्षा घरच्या प्रजेची भीती मोठी होती.

एक बेट, दोन मालक

आता थोडा गुंतागुंतीचा भाग. बेट जिंकलं ते एकट्या बिशपने नाही. तलवारबंधूंचाही त्यात वाटा होता, आणि त्यांना तो हवा होता. १२३६ मध्ये साउलेच्या लढाईत त्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा उरलेसुरले ट्यूटॉनिक ऑर्डर या मोठ्या संघटनेत सामील झाले आणि त्यांची इथली शाखा लिव्होनियन ऑर्डर म्हणून ओळखली जाऊ लागली. लिव्होनिया म्हणजे साधारण आजच्या एस्टोनिया-लॅटव्हियाचा मुलूख. हे लोक म्हणजे संन्यासाची शपथ घेतलेले सैनिक. ब्रह्मचर्य, गरिबी, आज्ञापालन आणि तलवार.

वाटणीत बेटाचा पूर्व भाग आणि मुहू ऑर्डरकडे गेलं, पश्चिमेकडचा भाग बिशपकडे. ऑर्डरचं ठाणं पोयडे इथे, बिशपचं कुरेसारेला. वरवर दोघं एकाच धर्माचे, एकाच भाषेचे; पण शेजारच्या बांधावरून भाऊबंदकी चालावी तसं त्यांचं शतकानुशतकं चाललं.

आणि बेटवासी? ते पूर्ण गुलाम झाले असं समजू नका, निदान सुरुवातीला. १२४१ चा एक करार आहे. त्यात दर नांगरामागे किती धान्य द्यायचं हे ठरलेलं आहे. कारभारी वर्षातून एकदा, कर गोळा करण्याच्या वेळी येईल आणि बेटावरच्या जाणत्या माणसांच्या सल्ल्याने न्याय देईल, असंही कलम आहे. जुन्या देवांची पूजा केली तर दंड. जिंकणाऱ्याला असा करार करावा लागतो, याचा अर्थ त्याची पकड अजून सैल आहे.

ही पकड १३४३ मध्ये सुटली. सेंट जॉर्जच्या रात्री, २३ एप्रिलला, मुख्य भूमीवर एस्टोनियन शेतकऱ्यांचा उठाव पेटला. सारेमावर तो २४ जुलैला पोहोचला. पोयडेची शिबंदी वेढली गेली, सुखरूप जाऊ देण्याच्या बोलीवर बाहेर आली आणि दगडांनी ठेचून मारली गेली. १३४४ च्या हिवाळी मोहिमेत उठावाचा नेता वेस्से फासावर गेला, आणि १३४५ मध्ये बेटवाल्यांना आपली शस्त्रं मुख्य भूमीवरच्या लिहुलाच्या किल्ल्यात नेऊन जमा करावी लागली. वर शिक्षा म्हणून ऑर्डरसाठी एक नवा किल्ला त्यांच्याच हातून बांधून घेतला. त्याचं जर्मन नाव झोनेबुर्ग, म्हणजे प्रायश्चित्ताचा किल्ला. नाव ठेवणाऱ्याचा खुनशीपणा बघा.

कुरेसारेचा आजचा दगडी वाडा नेमका कोणत्या वर्षी उभा राहिला यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण त्याला आजचं रूप आलं ते १४ व्या शतकात, याच धामधुमीच्या आसपास. १३८१ पासून तो कागदोपत्री दिसतो.

आत जाऊन बघू

नकाशा अगदी सोपा आहे. दगडी चौसोपी वाडा कल्पनेत आणा. मध्ये चौक, चारही बाजूंनी सोपे, बाहेरच्या भिंती उंच आणि जवळपास आंधळ्या. प्रत्येक बाजू साधारण ४२ मीटर. दगड बेटावरचाच, डोलोमाइट, जो खाणीतून निघाल्यावर सहज कोरता येतो. हा आराखडा मुळात ऑर्डरच्या संन्याशांचा. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एकत्र प्रार्थना करायची, एकत्र झोपायचं, म्हणून चौकाभोवती भोजनशाळा, प्रार्थनागृह, शयनशाळा आणि सभागृह ओळीने येतात. बिशपने तोच नकाशा उचलला आणि त्यात स्वतःच्या खोल्या बसवल्या. मठ, कचेरी, कोठार आणि तुरुंग, सगळं एका छपराखाली.

मजल्यांची वाटणीही कामानुसार. तळघरात धान्य, बिअर, स्वयंपाक आणि भट्ट्या. त्यावर मुख्य मजला, कमानदार छतांचा, जिथे बिशप आणि त्याचा गोतावळा राहायचा. चौकाच्या बाजूने या मजल्याला आच्छादित पडवी, म्हणजे पावसात-बर्फात न भिजता एका दालनातून दुसऱ्यात जाता येतं. सगळ्यात वर लढायचा मजला, जंग्या आणि चर्या असलेला.

भट्ट्यांपाशी जरा थांबू, कारण इथली हुशारी खरंच बघण्यासारखी आहे. जानेवारीत दगडी दालनात बसून हिशेब लिहायचे तर शाई गोठेल. मग काय करायचे, तर तळघरातल्या भट्टीच्या वर गोट्यांचा मोठा ढीग रचलेला असायचा. आधी भट्टी भरपूर पेटवायची. धूर धुराड्यातून बाहेर जायचा आणि दगड तापून लाल व्हायचे. आग विझली, धूर संपला की धुराड्याची वाट बंद करायची आणि वरच्या दालनाच्या जमिनीत ठेवलेल्या भोकांवरची दगडी झाकणं काढायची. तापलेल्या गोट्यांवरून गरम, कोरडी, बिनधुराची हवा वर दालनात येत राहायची, तीही बराच वेळ. दालनात ना शेगडी, ना राख. ज्याला ऊब जास्त झाली त्याने झाकण परत बसवावं.

वाड्याच्या दोन कोपऱ्यांवर दोन बुरूज. बारका तो श्टुर्वोल्ट, आणि उंच तो ‘पिक हेर्मान’, म्हणजे लांबुळका हेर्मान, ३७ मीटर. हा हेर्मान वाड्यात असूनही वाड्याला चिकटलेला नाही. मध्ये साधारण १० मीटर खोल उभी पोकळी ठेवली आहे आणि ती ओलांडायला उचलता पूल. समजा, बंडखोर चौकात घुसले, सोपे त्यांच्या हाती पडले. तरी बुरुजात शिरून पूल ओढून घेतला की किल्ल्यात अजून एक किल्ला शिल्लक राहतो. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्यांना बालेकिल्ल्याची कल्पना नवी नाही, पण घरातल्या घरात अशी दरी खोदणारा माणूस कुणाकुणावर अविश्वास ठेवत असेल, हा विचार मनात येतोच.

याच पोकळीबद्दल तिथे एक कथा सांगतात. बिशप न्यायनिवाडा करायचा आणि दोषी ठरलेल्याला खाली भुकेल्या सिंहांपुढे फेकायचा. सारेमावर सिंह! त्यांना तिथल्या हिवाळ्यात जगवणार कोण आणि कसं, हे कथा सांगत नाही. असल्या खड्ड्यांचा खरा उपयोग संरक्षण, शौचकूप आणि केरकचरा एवढाच असायचा. दुसरी कथा भिंतीत चिणलेल्या शूराची. १८ व्या शतकात बंद खोलीत मेजाशी बसलेला सांगाडा सापडला, म्हणे, आणि हात लावताच त्याची माती झाली. तो पोपने पाठवलेला स्पॅनिश अधिकारी होता, इथल्या एका मुलीच्या प्रेमात पाडून त्याला अडकवण्यात आलं वगैरे. पुरावा विचारला तर सांगाड्याची माती झालेली असतेच.

घरातलीच भांडणं

खऱ्या घटना या दंतकथांपेक्षा कमी रंगतदार नाहीत. बिशपला निवडायचं कोणी? कॅथेड्रलच्या पुजाऱ्यांच्या मंडळाने. या सभासदांना कॅनन म्हणतात. ओझेल-वीकचं कॅथेड्रल मुख्य भूमीवर हापसालूला होतं, कॅनन तिथे, आणि त्यांच्याही स्वतःच्या जमिनी होत्या. एका राज्यात बिशपची जमीन वेगळी आणि त्याला निवडणाऱ्यांची वेगळी, म्हटल्यावर खटके उडणारच. तिसऱ्या हाइनरिख बिशपच्या काळात हे टोकाला गेलं. १३८१ मध्ये त्याला पकडून कोंडण्यात आलं आणि कैदेतच त्याचा शेवट झाला. गळा दाबून मारलं, असं सांगितलं जातं.

दीडशे वर्षांनी दुसरा तमाशा. १५३२ मध्ये मुख्य भूमीवरच्या जहागीरदारांना आपला बिशप राइनहोल्ड फॉन बुक्सहोव्हेडन नकोसा झाला. त्यांनी ब्रांडेनबुर्गच्या विल्हेल्मला बोलावून त्यालाच बिशप केलं. एक राज्य, दोन बिशप, आणि १५३६ पर्यंत लढाई. विल्हेल्मचा थोरला भाऊ आल्ब्रेख्ट हा प्रशियाचा ड्यूक, त्यामुळे मागे जोर होता. तरी बुक्सहोव्हेडनने सारेमा सोडलं नाही आणि शेवटी जिंकला तोच. तोवर पोपची सत्ता नाकारणाऱ्या मार्टिन लुथरच्या धर्मसुधारणेचं वारं या भागात घुसलं होतं. बिशप हे पदच आता कितपत टिकेल, असा प्रश्न पडू लागला होता.

तीस हजार थालर

१५५८ मध्ये मॉस्कोचा झार इव्हान चौथा लिव्होनियावर चालून आला. जुनी व्यवस्था पत्त्यांसारखी कोसळू लागली. तेव्हाचा बिशप योहानेस फॉन म्युंखहाउझेन व्यवहारी माणूस. त्याने १५५९ मध्ये हिशेब केला आणि आपलं राज्य डेन्मार्कच्या राजाला, दुसऱ्या फ्रेडरिकला, ३०,००० थालरला, म्हणजे तेवढ्या चांदीच्या नाण्यांना, विकून टाकलं. बिशपचं पद ही विकायची चीज नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पैसे मिळाले, बिशप जर्मनीला परतला, पुढे लुथरपंथी झाला आणि त्याने लग्नही केलं.

फ्रेडरिकला बेट स्वतःसाठी नको होतं. धाकटा भाऊ माग्नुस वडिलोपार्जित मुलखात वाटा मागत होता. त्याला सांगितलं, तो हक्क सोड आणि हे घे. १९ वर्षांचा माग्नुस १५६० मध्ये कुरेसारेला उतरला. १५६३ मध्ये त्याने किल्ल्याशेजारच्या वस्तीला शहराचे हक्क दिले. कुरेसारे गाव कायद्याने शहर झालं ते तेव्हा. पुढे तो इव्हानच्याच नादी लागला, १५७० मध्ये ‘लिव्होनियाचा राजा’ ही पोकळ पदवी मिळवली, झारच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं, आणि १५८३ मध्ये सगळं गमावून कूरलांडमधल्या (आजच्या पश्चिम लॅटव्हियातल्या) पिल्टेनला वारला. बेट मात्र डेन्मार्ककडेच राहिलं.

इथून पुढे किल्ला हातोहात फिरला तो बहुतेक कागदावरच. १६४५ च्या ब्रोमसेब्रोच्या तहात डेन्मार्कने सारेमा स्वीडनला दिलं. स्वीडिश मंडळींनी पाहिलं की उंच सरळ भिंती तोफांसमोर म्हणजे आयतं निशाण. त्यामुळे जुन्या वाड्याला हात न लावता त्याभोवती बुटके, जाड, मातीने भरलेले टोकदार बुरूज आणि रुंद पाणखंदक केला. तोफेचा गोळा दगड फोडतो, मातीत मात्र रुततो. आणि टोकदार आकारामुळे दोन बुरुजांमधली कोणतीही जागा माऱ्याबाहेर राहत नाही. वरून पाहिलं तर आज जो ताऱ्यासारखा आकार दिसतो तो या १७ व्या शतकाचा. बिशपच्या काळाचा नाही. पुष्कळ पर्यटक दोन्ही एकच समजतात.

इतका खर्च करून लढाई झालीच नाही म्हणा ना. १७१० मध्ये रशियन फौज आली तेव्हा प्लेगने शिबंदी आणि गाव दोन्ही पोखरलं होतं. सप्टेंबरमध्ये किल्ला हवाली केला गेला. १७११ मध्ये रशियनांनी तटबंदीचा काही भाग सुरुंग लावून उडवला, पण वाडा राहिला. मुख्य भूमीवरचे लिहुला-हापसालू पाहा. तिथे भिंतींचे अवशेष उरले. ते फौजांच्या रस्त्यावर होते, कुरेसारे बाजूला. नकाशाच्या कडेला असणं हेच या वास्तूचं भाग्य.

१८३४ मध्ये रशियाने लष्करी किल्ल्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं. काही काळ ती गरिबांसाठी आसरा होती. बेटावरच्या जर्मन उमराव मंडळाने १९०४ ते १९१२ या काळात रीगाचे वास्तुविशारद हेर्मान झोइबरलिख आणि विल्हेल्म नॉयमान यांच्याकडून डागडुजी करून घेतली. १९४१ हे वर्ष सर्वांत काळं. सोव्हिएत सत्तेने माघार घेण्याआधी किल्ल्याच्या आवारात सुमारे ९० नागरिकांना मारलं. मग जर्मन आले आणि त्यांनीही याच आवारात माणसं गोळ्या घालून मारली. सोव्हिएत राजवटीत १९५२ ते १९८८ या काळात कुरेसारेचं नावही बदलून किंगिसेप्पा केलं होतं, एका स्थानिक कम्युनिस्ट नेत्याच्या नावावरून. किल्ल्याची दुसरी, जास्त सखोल दुरुस्ती याच राजवटीत, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८५ पर्यंत झाली.

आता आत सारेमा संग्रहालय आहे. ज्या संस्थेतून ते उभं राहिलं ती १८६५ ची. उन्हाळ्यात आवारात ऑपेराचा महोत्सव भरतो. जाणार असाल तर चौकातून मुख्य मजल्यावर जा, दालनांच्या जमिनीतली गरम हवेची भोकं शोधा, आणि हेर्मानमध्ये शिरताना मधल्या पोकळीत वाकून बघा. सिंह दिसणार नाहीत.